जांबला मीटिंग कुठे भरते?

मे 1935. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातलं एक हॉटेल. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल लॉबीत येरझाऱ्या घालतोय. ज्या डीलसाठी आला ती फिसकटली, खिसा रिकामा, आणि शेजारच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. गडी बारमध्ये जाण्याऐवजी फोनपाशी गेला, तिथल्या चर्चेसची यादी बघून नंबर फिरवत सुटला. मागणी एकच, मला या गावातला दुसरा दारुडा भेटवा! त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. सर्जन, आणि पक्के पिणारे. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला 10 जून 1935 ला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, वाढदिवस मानतात.

ही गोष्ट आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या मामेभावाचा फोन. आईचं माहेर जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. रामदासस्वामींचं जन्मगाव. तो म्हणाला, "दादा, तू कॉम्प्युटरवाला. ते दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आमच्याकडं कुठं भरते ते बघ की." कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

जांबच्या आसपास मला काही सापडलं नाही. पण ही मीटिंग आपल्याकडे आली कशी ते शोधताना शनिवार-रविवार गेला.

एए मुंबईत पोचली 1957 साली, दिल्लीत राहायला आलेल्या एका कॅनेडियन सभासदामार्फत. आता तारखा जुळवा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा, 1950 पासून पूर्ण बंदी. म्हणजे ज्या शहरात दारूच नव्हती (हो, कागदावर!) तिथे दारुड्यांची सभा भरायला लागली. हातभट्टी जोरात, आंटीचे अड्डे जोरात, आणि ज्यांना सरकारी भाषेत 'प्रकृतीसाठी' हवी त्यांना परवाने. कायद्याच्या डोळ्यांनी पिणारा एक तर गुन्हेगार, नाही तर परवानाधारक. तो आजारी असू शकतो आणि त्याला दुसरा आजारीच सावरू शकतो, हा विचार त्या कायद्यात बसतच नव्हता. साठीच्या दशकात बंदी सैल झाली. कायदा मात्र आजही आहे, आणि आपण पबमध्ये बसतो तेव्हा कागदोपत्री आपल्यालाही परवाना लागतो. असो.

मग हे गावाकडे का पोचलं नाही? माझ्या मते गावाकडे दुसरी सिस्टिम आधीच चालू होती. वारकऱ्याची माळ घ्या. गळ्यात माळ पडली की दारू आणि मटण सुटलं, आणि अख्खं गाव त्यावर लक्ष ठेवणार. दुसरी म्हणजे बैठक. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी 1943 साली दासबोधाचं निरूपण सुरू केलं, आणि बैठकीला जायला लागल्यावर बाटली सुटली असं सांगणारी घरं कोकणात आजही भेटतील. बघा गंमत, जांबच्या माणसाचा ग्रंथ आणि व्यसनमुक्तीची बैठक रायगडात!

पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. माळ सगळ्यांना दिसते. एएत आडनावसुद्धा सांगायचं नाही, कुणी उपदेश करायचा नाही, बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही. आत यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. मुंबईच्या गर्दीत हे निनावीपण फुकट मिळतं. गावात मात्र शाळेच्या खोलीत चार माणसं जमली तर चहाच्या टपरीवर त्यांची नावं आधी पोचतात. माळ तुटली तर ती गावासमोर तुटते, आणि परत घालायची लाज वाटते. मीटिंगमध्ये घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन बसू शकतो. मला तरी हेच तिचं खरं बळ वाटतं.

पुण्यात या दोन्हींचा सांधा जुळला तो मुक्तांगणमध्ये. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे पुढे केले, आणि 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. खरा गाडा ओढला डॉ. अनिता अवचटांनी. औषध आहेच, पण सोबत गटात बसणं, बोलणं, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. बरे झालेले लोक तिथेच कामाला लागले. अ‍ॅक्रनचीच आयडिया, पण पार मराठी घरगुती वळणाची.

भावाला मी तीन गोष्टी कळवल्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम, डॉक्टरशिवाय सोडायची नाही. हातपाय थरथरण्यापासून झटक्यांपर्यंत काहीही होऊ शकतं, जीवावर बेतू शकतं. सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाईन फुकट आहे. आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एएच्या बऱ्याच मीटिंगा मोबाईलवर आल्या. कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं, म्हणजे टपरीला पत्ता नाही.

त्याचा उलट प्रश्न आला, "घरच्या बाईमाणसासाठी काही असतं का?" असतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत 1951 मध्ये अल-अ‍ॅनॉन सुरू झालं, आणि मुक्तांगणात बायकांचा गट आहे, 'सहचरी' नावाचा. तो नंबर त्यानं लगेच मागून घेतला.