दवाखान्यात दिलेली माहिती कुठे जाते? रुग्णाची गोपनीयता, केसपेपर आणि कायदा

घरच्यांनाही न सांगितलेल्या गोष्टी माणूस डॉक्टरांना सांगतो. दारूची सवय, जुना गर्भपात, झोपेच्या गोळ्या, कुटुंबात चालत आलेला आजार हे सगळे केसपेपरवर लिहिले जाते. तो कागद मग रिसेप्शन, कंपाउंडर, नर्स, लॅब, औषधाचे दुकान आणि विमा कंपनी अशा अनेक हातांतून जातो. ही माहिती कोणी पाहायची, कोणाला सांगायची, किती दिवस जपायची आणि रुग्णाने मागितली तर किती वेळात द्यायची, याचे नियम भारतात आहेत. मात्र ते एकाच कायद्यात नाहीत. काही डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहेत, काही विशिष्ट आजारांच्या कायद्यांत, तर काही डिजिटल माहितीच्या कायद्यात.

गोपनीयतेचा मूळ नियम

रुग्णाच्या घरातल्या गोष्टी वैद्याने बाहेर बोलू नयेत, हा दंडक चरकसंहितेतही आहे. आज भारतात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना जो नियम बांधून ठेवतो तो २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करायचे नाही. त्याला तीन अपवाद आहेत: न्यायाधीशांनी आदेश दिला तर, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि आजार सरकारला कळवणे बंधनकारक असेल तर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली जाहीर केली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यामुळे आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेला घटनेचाही आधार मिळाला. माहिती अधिकार कायद्याच्या संदर्भात २०१९ मध्ये निकाल देताना न्यायालयाने वैद्यकीय नोंदी, उपचार आणि औषधे यांची गणना वैयक्तिक माहितीत केली. म्हणजे सरकारी रुग्णालयात उपचार घेतले म्हणून कोणीही अर्ज करून दुसऱ्याचा केसपेपर मिळवू शकत नाही. अशी माहिती द्यायची तर त्यामागे व्यापक जनहित दाखवावे लागते.

कोणाला सांगता येते, कोणाला नाही

उपचारात थेट सहभागी असलेल्यांना आवश्यक तेवढी माहिती देणे हा गोपनीयतेचा भंग नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाचा दमा माहीत असायलाच हवा. प्रश्न येतो तो इतरांचा.

*नातेवाईक:* आपल्याकडे रुग्णासोबत दोन-चार माणसे तपासणीच्या खोलीत येतात आणि डॉक्टर सगळ्यांसमोर बोलतात. रुग्णाने स्वतःच सोबत आणले असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. पण सज्ञान रुग्णाने ‘घरी सांगू नका’ असे म्हटले तर पती, पत्नी, आईवडील किंवा सासू-सासरे या नात्याने कोणालाही माहिती मागण्याचा आपोआप हक्क मिळत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर जवळच्या नातेवाइकांशी बोलावेच लागते.

*सोयरिकीची चौकशी:* लग्न ठरवताना ‘मुलीला फिट येते का’, ‘मुलाला काही आजार आहे का’ अशी विचारपूस फॅमिली डॉक्टरांकडे होते. ओळखीपोटी दिलेले उत्तरही नियमभंगच ठरते. ज्याची चौकशी आहे त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी ‘काही नाही हो’ असेही सांगू नये. कारण एकाच्या बाबतीत ‘काही नाही’ म्हटले आणि दुसऱ्याच्या बाबतीत गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्यातूनच अर्थ काढला जातो.

*नोकरीचे ठिकाण:* कंपनीने पाठवलेल्या तपासणीत उमेदवार त्या कामासाठी तंदुरुस्त आहे की नाही, एवढे कळवणे बहुतेक वेळा पुरेसे असते. सविस्तर निदान कळवायचे असेल तर त्या व्यक्तीची संमती घ्यावी लागते.

*पोलीस आणि न्यायालय:* वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुरावा कायद्यात जे संरक्षण आहे, ते डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवादाला नाही. त्यामुळे न्यायालयाने आदेश दिल्यावर डॉक्टरांना नोंदी सादर कराव्या लागतात आणि साक्षही द्यावी लागते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेवर मोफत उपचार करणे आणि पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, पण तिची ओळख जाहीर करणे हा गुन्हा आहे.

*सरकारी यंत्रणा:* काही आजारांची नोंद सरकारकडे करावीच लागते. क्षयरोगाचा रुग्ण आढळल्यास कळवण्याचा नियम २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही लागू आहे आणि ही नोंद ‘नि-क्षय’ या पोर्टलवर होते. मात्र सरकारला कळवणे म्हणजे सोसायटीला किंवा शाळेला कळवणे नव्हे.

जिथे कायदा अधिक कडक आहे

ज्या आजारांमुळे माणसाला घर, नोकरी किंवा नाती गमवावी लागतात, त्यांच्यासाठी वेगळे कायदे झाले.

*एचआयव्ही:* १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. रक्तदानाच्या वेळी एका व्यक्तीला एचआयव्ही असल्याचे निष्पन्न झाले, रुग्णालयाकडून ती माहिती बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. होणाऱ्या पत्नीच्या आरोग्याला धोका होता, म्हणून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी ठरवले नाही. त्यानंतर आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही प्रक्रिया नीट आखून दिली. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. चाचणीसाठी आणि निकाल इतरांना सांगण्यासाठी, अशा दोन्हींसाठी माहितीपूर्ण संमती लागते. जोडीदाराला सांगायचे असेल तर त्याला खरोखर मोठा धोका असल्याची डॉक्टर किंवा समुपदेशकाची खात्री हवी, रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून त्याचे समुपदेशन झालेले हवे, तो सांगणार नाही हे स्पष्ट झालेले हवे, आणि ‘आता आम्ही सांगणार आहोत’ अशी कल्पना त्याला आधी दिलेली हवी. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल तर सांगायचे नाही, असेही कायदा म्हणतो. त्यामुळे खाटेवर किंवा फाइलच्या दर्शनी भागावर लाल शाईने ‘एचआयव्ही’ लिहिणे या कायद्यात बसत नाही. संसर्गापासून बचावाची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते.

*मानसिक आजार:* २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा स्वतंत्र हक्क आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहता येतात. एखादी नोंद वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असे वाटले तर तेवढा भाग रोखता येतो, पण त्याविरुद्ध रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो.

*गर्भपात:* गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव आणि तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केवळ कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच ही माहिती देता येते. रुग्णालयाचे गर्भपाताचे रजिस्टरही गोपनीय असते आणि इतर कागदांवर नावाऐवजी त्यातला अनुक्रमांक लिहायचा असतो. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्या अहवालात तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. पोलिसांच्या भीतीने मुली भोंदूंकडे जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार आहे.

स्वतःचा केसपेपर मागण्याचा हक्क

गोपनीयता इतरांपासून असते, खुद्द रुग्णापासून नाही. तरीही ‘आमची फाइल बाहेर देत नाही’ हे उत्तर अनेकांना ऐकावे लागते. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालयाला केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे.

२००२ च्या नियमांनुसार:

- भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात.
- रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या सोबतच्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास ७२ तासांत कागद द्यावे लागतात.
- दोन्हींपैकी काही न करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन मानले जाते.

मागणी लेखी करावी, त्यावर तारीख आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. झेरॉक्सचा रास्त खर्च रुग्णालय घेऊ शकते. मूळ कागद सहसा रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाला प्रती मिळतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण केसपेपर नव्हे. रोजच्या तपासणीच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, शस्त्रक्रियेचा तपशील आणि संमतिपत्रे हवी असतील तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे. तीन वर्षांचा हा नियम भरती रुग्णांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील चिठ्ठ्या आणि रिपोर्ट बहुधा रुग्णाच्याच हातात दिले जातात, म्हणून ते घरी जपून ठेवणे शहाणपणाचे.

विमा कंपनीकडे काय जाते

कॅशलेस सुविधेसाठी भरती होताना जो अर्ज भरून घेतात, त्यात सहसा एक ओळ असते: विमा कंपनीला आणि तिच्या वतीने दावे पाहणाऱ्या टीपीएला सर्व वैद्यकीय नोंदी पाहण्याची परवानगी. घाईत त्यावर सही होते. त्यानंतर जुन्या आजाराचा इतिहासही कंपनीकडे जातो आणि दावा मंजूर करताना तो विचारात घेतला जातो. संमती दिल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही हे खरे, पण डॉक्टरांनी फॉर्मवर आजार कधीपासूनचा लिहिला आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. ‘दोन महिने’ आणि ‘दोन वर्षे’ यांतल्या चुकीने दावा नाकारला जाऊ शकतो.

कागद गेला, संगणक आला

डिजिटल माहितीसाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील असे ठरले. माहिती कशासाठी घेत आहोत हे सोप्या भाषेत सांगणे, तेवढ्याच कामासाठी ती वापरणे, ती सुरक्षित ठेवणे आणि फुटली तर संबंधित व्यक्तीला व माहिती संरक्षण मंडळाला कळवणे, हा या कायद्याचा गाभा आहे. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी उपचारासाठी संमतीची वाट पाहावी लागत नाही. केवळ कागदावरच्या रजिस्टरला हा कायदा लागत नाही. तिथे २००२ ची आचारसंहिताच कामी येते.

‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. तो काढला म्हणजे सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एका संगणकात जमा होतात, हा गैरसमज आहे. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहते आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती रुग्णाच्या संमतीने दिसते. किती काळासाठी दाखवायची हेही ठरवता येते.

डिजिटल नोंदींचा धोका किती मोठा असतो हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे हाताने करावी लागली. माहिती चोरीला जाणे हा एक धोका, आणि गरजेच्या वेळी ती न सापडणे हा दुसरा.

छोट्या दवाखान्यांत मात्र माहिती फुटते ती साध्या सवयींमुळे. रिसेप्शनवरून नाव आणि आजार मोठ्याने पुकारला जातो. सगळे कर्मचारी एकच पासवर्ड वापरतात. लॅबचे रिपोर्ट टेबलावर उघडे पडलेले असतात आणि ज्याला हवे तो चाळून आपला घेतो. ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून रुग्णाचा फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला आचारसंहितेत मनाई आहे. व्हॉट्सॲपवर सल्ला देणे २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार चालते, पण त्या संवादाचीही नोंद ठेवावी लागते आणि गोपनीयतेचा नियम तिथेही तोच राहतो.

तक्रार कुठे करायची

आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे किंवा तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज द्यावा. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, तक्रार करता येते. परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, पण नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तिथे साधारणपणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. एचआयव्हीच्या कायद्यात राज्य पातळीवर लोकपाल नेमण्याची तरतूद आहे.

या प्रत्येक ठिकाणी पुरावा मागितला जातो. म्हणून कागद कधी मागितला, कोणी नाकारला, माहिती कोणाकडून कोणाला गेली हे तारखेसह लिहून ठेवावे आणि पोच घेतलेल्या अर्जाची प्रत सांभाळावी.