काशिनाथ त्र्यंबक तेलंग : दिवाणी वकील आणि संस्कृतचे व्यासंगी

मुंबई उच्च न्यायालयातील नामवंत वकील, पुढे त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि संस्कृत संशोधक. जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी. चुलते त्र्यंबक रामचंद्र यांनी त्यांना दत्तक घेतले होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर एम.ए., एलएल.बी. होऊन १८७२ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर वकिली सुरू केली. तेथे तेव्हा बॅरिस्टरांचे वर्चस्व होते.

वारसा, वाटणी, दत्तकविधान अशा हिंदू कायद्याच्या दाव्यांत तेलंगांचे वेगळेपण दिसे. बहुतेक वकील आणि इंग्रज न्यायाधीश स्मृतिग्रंथांच्या भाषांतरांवर विसंबून असत. तेलंग मिताक्षरा, व्यवहारमयूख मुळातून वाचत. १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाल्यावर आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात या व्यासंगाची कसोटी लागली. बाप स्वतःच्या बापापासून किंवा भावांपासून विभक्त झालेला नसताना, त्याच्या संमतीवाचून मुलाला वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागता येईल काय, असा प्रश्न होता. पूर्णपीठाने बहुमताने नकार दिला. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मसिद्ध आहे, या आधारावर तेलंगांनी भिन्नमत नोंदविले. ते बहुमताला बांधू शकले नाही. मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव आणि कारवारच्या कुटुंबांनाही, बहुमताचाच नियम लागू राहिला. इतर उच्च न्यायालयांनी मात्र मुलाचा हक्क मानला. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत हे भिन्नमत आजही उद्धृत होते.

न्यायालयाबाहेरचा त्यांचा छंदही वादीप्रतिवादींचाच होता, असे म्हणता येईल. रामायण होमरवरून रचले गेले, हे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी १८७३ मध्ये खोडून काढले. गीतेवर बायबलच्या नव्या कराराची छाया आहे, असे लोरिन्झर यांचे म्हणणे होते. १८७५ च्या आपल्या पद्यमय इंग्रजी भाषांतराला निबंध जोडून तेलंगांनी तेही पुराव्यानिशी तपासले. मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर केले (१८८२). ‘मुद्राराक्षस’ नाटक आणि भर्तृहरीची शतके त्यांनी संपादिली. लेसिंगचे एक नाटकही त्यांनी मराठीत आणले.

सार्वजनिक कार्यात फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे सहकारी होते. काँग्रेसच्या १८८५ च्या पहिल्या अधिवेशनाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र त्यांनी लहान वयात लावले. त्यावरून सुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. सामाजिक प्रश्नांत कमीत कमी विरोधाच्या वाटेने जावे, असे मत त्यांनी पूर्वीच मांडले होते. त्या मताने या घटनेचा उलगडा होतो, समर्थन होत नाही.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी बखरींचे त्यांनी केलेले परिशीलन न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथाला परिशिष्ट म्हणून जोडले गेले. तो ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला.