एमपीएचचा फॉर्म आणि जामखेडच्या बायका

एमपीएचचे फॉर्म सुटले की दरवर्षी मला आमच्या भागातल्या पोरापोरींचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, एमबीबीएस नाहीये, बीएस्सी झालंय. चालेल का?" मी सांगते, चालेल. मग पुढचा प्रश्न: "पण डॉक्टर नसताना आरोग्यात करणार काय?"

हा दुसरा प्रश्न मला एका संस्थेत मुलाखतीला बसले होते तेव्हा समोरच्या परीक्षकांनीच विचारला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्राची एमएस्सी. तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज विचारलं तर मी त्यांना जामखेडला घेऊन जाईन. म्हणून आज माझा संशोधनाचा विषय बाजूला ठेवून थोडा इतिहास सांगते. सार्वजनिक आरोग्याच्या दारावर 'पात्रता' नावाची पाटी कोणी लावली आणि आपल्याच जिल्ह्यात ती कोणी उलटी केली, याचा.

हे शिक्षण आधी मुख्यतः डॉक्टरांचं होतं. आपल्याकडे कलकत्त्याला १९३२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्था उघडली. तिथला डीपीएच म्हणजे डॉक्टरांनी डॉक्टरकीनंतर घ्यायची पदविका. पण गंमत बघा. त्याच रॉकफेलरच्या पैशातून १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं सार्वजनिक आरोग्याचं विद्यालय उभं राहिलं, आणि तिथे सुरुवातीपासून दोन वाटा होत्या. डॉक्टरांसाठी एक डॉक्टरेट, आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठी वेगळी. म्हणजे आम्हा बीएस्सी-एमएस्सीवाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच आत घेतलं होतं. आपल्याकडे एमपीएच नावाची पदवी आली ती १९९७ साली, तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात. आता तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नमुना अभ्यासक्रमातही डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, आयुष यांच्याबरोबर जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, समाजकार्य अशा सगळ्यांना जागा आहे. दोन वर्षं, चार सत्रं, मधे प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रबंध. फॉर्मपुरतं उत्तर एवढंच.

आता जामखेड. नगरपासून आग्नेयेला, पाऊण शतक किलोमीटरवर. बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवा जवळजवळ एकाच तालुक्याला लागलेल्या. पर्जन्यछायेतला मुलूख, ऊसतोडीला जाणारी माणसं. अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यात, म्हणून जिल्ह्याचं नवीन नाव घेताना जामखेडची आठवण निघते. पण सार्वजनिक आरोग्याच्या जगभरच्या वर्गांत हे नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं.

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षक आईवडिलांचा मुलगा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. तिथेच मेबल भेटल्या. १९६० साली लग्न झालं आणि दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथे त्यांना जे दिसलं ते कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात आजही दिसेल. जुलाबाचं मूल येतं, सलाईन लावतात, बरं होतं, घरी जातं, तेच पाणी पितं आणि पुन्हा येतं. दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडला त्यांनी मेडिसिन आणि सर्जरीचं पुढचं शिक्षण केलं, आणि मग हॉपकिन्समध्ये डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे एमपीएच. टेलर मसुरीत जन्मलेले, पंजाबातल्या नारंगवाल गावी संशोधन प्रकल्प चालवणारे. जामखेडचा आराखडा या दोघांनी तिथेच, विद्यार्थी असताना तयार केला.

एमपीएचमध्ये नेमकं काय शिकवतात, असं मला विचारतात. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण, आरोग्य व्यवस्थापन, माणसांच्या वागण्याचं शास्त्र: ही यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. माझ्या मते ती पदवी एकच गोष्ट शिकवते, ती म्हणजे छेद. शाळेतला अंश-छेद आठवतो ना, तोच. हॉस्पिटलातल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो, दारात आलेले रुग्ण. न आलेले, वाटेत गेलेले, घरीच मेलेले कोण मोजणार? छेद म्हणजे अख्खं गाव. आणि गाव मोजायचं तर गावात राहणारं माणूस लागतं.

१९७० साली दोघं परत आले. जामखेडला जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं. पहिला बेत सरळ होता. शिकलेल्या नर्स, म्हणजे एएनएम, गावागावांत ठेवायच्या. तो बेत फसला. तरुण, बाहेरगावची, एकटी मुलगी. तिला गावात राहायची भीती, आणि गावाला तिच्या शब्दाची किंमत नाही. पात्रता पूर्ण होती, पण मुलीला गावात मूळ धरता आलं नाही. मग चर्चेतून पुढे आलं की गावातलीच बाई का नको?

इथे पात्रतेची पाटी उलटली. बाई गावाने सुचवायची. त्याच गावची हवी, दुसऱ्याच्या दुःखात धावून जाणारी हवी, शिकायची तयारी हवी. अक्षरओळखीची अट नव्हती. पहिल्या फळीत निरक्षर बायका बऱ्याच होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी यायच्या. एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं. १९७० च्या दशकातल्या आपल्या गावांत हे काय होतं, ते मला आजीच्या तोंडून ऐकलंय म्हणून माहितीये. माझ्या मते अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड पेपर हाच होता. बाकी विषय म्हणजे सुरक्षित बाळंतपण, मीठ-साखर-पाणी, मुलांची वजनं, कातडीवरचा बधिर चट्टा ओळखून कुष्ठरोगाचा संशय घेणं, महिनोन्‌महिने खोकणारा माणूस शोधून काढणं. एका आठवड्यात एक गोष्ट शिकायची, गावात जाऊन वापरायची, पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं. गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं होती, ती सर्वेक्षणात हात लावायची. छेद मोजला जाऊ लागला तो असा.

एक इशारा देऊन ठेवते, नाहीतर 'शिक्षण कशाला हवं' असा अर्थ काढाल. या बायकांच्या मागे फिरतं पथक होतं, नर्स होत्या, ऑपरेशन करणारं हॉस्पिटल होतं, आणि हॉपकिन्सची पदवी घेतलेले दोन डॉक्टर होते. पदवी होतीच. फक्त ती दाराशी उभी राहून कोणाला अडवत नव्हती.

परिणाम? प्रकल्पाच्या नोंदींत १९७१ साली बालमृत्यूदर हजारी १७६ आहे, १९७६ साली ५२. मी विज्ञानाची असल्याने असा आकडा दिसला की आधी शंका घेते. त्या काळात सगळीकडेच मृत्यूदर उतरत होता. मग त्यातला जामखेडचा वाटा किती? त्यासाठी तुलना लागते. ती २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं घेऊन, बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा इतिहास विचारून केलेला अभ्यास. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. अंदाजाची मर्यादा ६ ते ४८ टक्के. म्हणजे नेमका आकडा छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण फरक शून्य आहे असंही म्हणता येणार नाही. १७६ वरून ५२ हे ऐकायला भारी वाटतं, पण माझा भरवसा या ३० वर जास्त आहे.

बाहेरच्या जगाने दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ सालच्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७८ साली अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं. १९८८ साली जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या, सभागृहातल्या झुंबरांपुढे आपल्या पणतीची बाजू मांडून. ज्यांच्याकडे शाळेचा दाखला नव्हता त्या गटातली बाई, आणि समोर सगळे पदवीधर.

आता सरकारने काय केलं ते बघा. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्याची योजना सुरू झाली. अट: किमान सहावीपर्यंत शिक्षण. प्राधान्य बायकांना म्हटलं होतं, भरती झाली बहुतेक पुरुषांची. सहावी शिकलेलं माणूस तेव्हा गावात कोण असणार? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. गावचीच बाई, शक्यतो २५ ते ४५ वयाची, आठवीपर्यंत शिकलेली. तशी कोणी मिळालीच नाही तर अट शिथिल. पुढे प्राधान्य दहावीकडे सरकलं. यामागचं कारण मला समजतं, आशाला कागद फार भरावे लागतात. पण या अटी लावून बघितल्या, तर ज्या बायकांमुळे ही कल्पना चालते असं जगाला कळलं, त्यांतल्या कितीतरी जणी पहिल्याच चाळणीत गळाल्या असत्या.

उलट, ज्या हॉपकिन्सला आरोळे दांपत्य शिकलं तिथे आज पूर्णवेळ एमपीएचसाठी, डॉक्टरेट नसेल तर, पदवीनंतर आरोग्याशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव मागतात. जामखेडची अटही मुळात अनुभवाचीच होती, फक्त तो मोजायचं काम गावाकडे होतं.

यंदा कर्जत तालुक्यातल्या एका मुलीचा फोन आला. बीएस्सी झालीये, आई आशाताई. फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. "ताई, अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? मी तर कुठे नोकरी केलेली नाही." बोलता बोलता कळलं की नववीपासून आईची रजिस्टरं तीच भरते. गरोदर बायकांच्या याद्या, लसीकरणाच्या तारखा, कोणाचं बाळ कमी वजनाचं, सगळं तिला तोंडपाठ. मी म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं. त्याच रकान्याखाली बारीक अक्षरांत छापलंय, अनुभवाचं प्रमाणपत्र जोडावे. ते कोणाच्या सहीने आणायचं, यावर आमचे दोन फोन झालेत आणि शुक्रवार शेवटची तारीख आहे.