चिकित्साकौशल्यांची परीक्षा : रुग्णशय्या ते 'ऑस्की'

वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात प्रात्यक्षिक परीक्षेच्या न्याय्यतेचा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. पारंपरिक 'लाँग केस' पद्धतीत विद्यार्थ्याच्या वाट्याला एक रुग्ण येई. तो तपासून झाल्यावर परीक्षक तोंडी प्रश्न विचारीत. परिणामी, गुण हे कौशल्याइतकेच कोणता रुग्ण व कोणता परीक्षक लाभला यावर अवलंबून राहत. शिवाय प्रत्यक्ष तपासणी चालू असताना परीक्षक बहुधा उपस्थित नसत.

या उणिवेवर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६०च्या दशकात रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा वापर सुरू केला. स्कॉटलंडमध्ये रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये वस्तुनिष्ठ संरचित परीक्षा मांडली. हीच पद्धत पुढे 'ऑस्की' या नावाने रूढ झाली. तीत सर्व विद्यार्थी ठरावीक वेळेत त्याच स्थानकांवरून जातात व पूर्वनिश्चित निकषांनुसार गुणांकन होते.

कॅनडाने १९९२ मध्ये व अमेरिकेने २००४ मध्ये अशा परीक्षेचा परवाना प्रक्रियेत समावेश केला. तथापि २०२१ मध्ये या दोन्ही राष्ट्रीय परीक्षा बंद झाल्या. भारतात मात्र २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्यांच्या प्रत्यक्ष मूल्यमापनावर भर दिला आहे.

स्थानकांमुळे समान संधी मिळते. पण रुग्णाचा समग्र विचार खंडित होतो, हा आक्षेपही निराधार नाही. म्हणून राष्ट्रीय परीक्षा असो वा नसो, रुग्णशय्येजवळ उभे राहून विद्यार्थ्याचे निरीक्षण करण्याची जबाबदारी अखेर महाविद्यालयीन शिक्षकांवरच येते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.