केसांचे पीठ, पोटाचे पीठ

केस विरळ असले तरी अंबाडा भरदार दिसावा, ही हौस देशोदेशी सारखीच. आपल्याकडे तिच्यासाठी गंगावन आले, फ्रान्समध्ये इ. स. १७७४ च्या सुमारास 'पूफ' अवतरले. राणी मारी आंत्वानेत हिचा केशरचनाकार लेओनार ओतिये याने त्याला दरबारी प्रतिष्ठा मिळवून दिली. लोकरीने वा घोड्याच्या केसांनी भरलेली उशी मस्तकावर ठेवावयाची, केस टोकाकडून मुळाकडे उलटे विंचरून फुलवावयाचे, उशीवरून चढवून चरबीच्या लेपाने बसवावयाचे आणि वर पांढरी पूड भुरभुरावयाची. ही पूड बहुधा गव्हासारख्या धान्याच्या पिष्टाची असे. शृंगाराचा भाकरीशी संबंध येतो तो येथे.

१७७५ च्या मार्चमध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने व्हिएन्नाहून आपल्या या लेकीला केसांच्या उंचीवरून पत्राने कानपिचक्या दिल्या. पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत पॅरिसच्या आसपास धान्यासाठी दंगे उसळले. इतिहासात त्यांना 'पिठाचे युद्ध' म्हणतात. त्यांचे कारण केसांची पूड नव्हे. आदल्या वर्षीचे अपुरे पीक आणि अर्थमंत्री तुर्गो याने खुला केलेला धान्यव्यापार, ही खरी कारणे होत. तथापि ज्या वसंतात भाकरी महागली, त्याच वसंतात दरबारी मस्तकांवर पीठ उधळले जात होते, हे विसरता येत नाही.

इंग्लंडात हा विषय सरकारी दप्तरात शिरला. १७९५ मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू होते. पंतप्रधान धाकटे पिट यांनी महसुलासाठी केसांची पूड वापरणाऱ्यास वर्षाला एक गिनी भरून दाखला घेणे बंधनकारक केले. अपवादांची यादी आपणां कारकून मंडळींना परिचित वाटावी अशीच आहे: राजघराणे व त्याचे सेवक, साधे शिपाई, वर्षाला शंभर पौंडांहून कमी मिळकतीचे धर्मोपदेशक! दोनांहून अधिक अविवाहित कन्या असलेल्या पित्यास दोन दाखल्यांत सर्वांचे भागविता येई. कर भरणाऱ्यांना लोक थट्टेने 'गिनीपिग' म्हणू लागले. निषेध म्हणून बेडफर्डच्या ड्यूकने व त्याच्या मित्रांनी केसच कापून टाकले. त्याच वर्षी धान्याची टंचाईही जाणवू लागली, आणि आखूड, बिनपुडीचे केस रूढ होत गेले.

हा कर १८६९ पर्यंत कागदोपत्री जिवंत राहिला. तिजोरी भरण्यासाठी बसविलेल्या कराने स्वतःचाच आधार आटविण्यास हातभार लावला. पण मस्तकावरचे थोडे पीठ मात्र पुन्हा ताटाकडे वळले.