सांगड : पाण्यावरच्या सामायिक जबाबदारीविषयी

कोल्हारच्या माणसाने समुद्राबद्दल लिहावे, हे जरा विचित्रच. आमचे गाव नगर-मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेच्या काठचे. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याला अडते, अकोले-संगमनेर करीत आमच्या पुलाखालून जाते आणि पुढे नेवासे ओलांडून टोक्याजवळ गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हापासून पाण्याशी आमचा व्यवहार मुख्यतः पाटाचा, पाळीचा आणि उसाचा.

पोहायला मी विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे टोक काठावर उभ्या असलेल्या चुलत्यांच्या हातात. डब्याच्या आधी भोपळा असे, हे आजोबांकडून कळले. पूल नव्हते तेव्हा लोक नदी कशी उतरत, हे सांगताना त्यांच्या बोलण्यात एक शब्द येई : सांगड. सुकलेले भोपळे, ओंडके किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. आज आपण विचारांची सांगड घालतो, कामाची आणि घराची सांगड घालतो. पण तो शब्द मुळात पाण्यावरचा आहे. एकट्याने जे तरत नाही ते बांधून तरवायचे, हा त्याचा अर्थ.

हा शब्द मला पुन्हा आठवला तो दोन हिवाळ्यांपूर्वी, कोकणात. पुतण्याने व त्याच्या मित्रांनी समुद्रात कयाक वल्हवण्याचा बेत केला आणि हौसेने मलाही ओढले. आम्ही आठजण होतो. सकाळी मतलई वारा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. जाताना होडी आपोआप पळत होती. परतताना तेच अंतर तिप्पट वाटले. दोघे बरेच मागे पडले आणि अर्धा तास कोणालाच दिसले नाहीत. शेवटी सगळे सुखरूप आले, हसणेही झाले. रात्री मात्र मला झोप लागली नाही. निघताना वारा कुठला हे कोणी पाहिले नव्हते. किती वाजता परतायचे हे ठरले नव्हते. किनाऱ्यावर कोणाला सांगितले नव्हते. आणि यातला एकही प्रश्न वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या मीसुद्धा विचारला नव्हता. नेणारा जाणता असेल, एवढ्यावर आठहीजण निर्धास्त होते. त्यानंतर मी जुन्या दुर्घटनांची हकिगत वाचू लागलो.

आपल्या किनाऱ्यावर ती हकिगत जुनी आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी कोकण किनाऱ्याजवळ बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ला, ‘रामदास’. अमावास्या दुसऱ्या दिवसावर आली होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेल्या या बोटीत सुमारे सातशे माणसे होती. काश्याच्या खडकाजवळ ती वादळात सापडली. वाचलेल्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते : लाटेच्या तडाख्याने बोट एका अंगाला कलली, घाबरलेली गर्दी एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

या धावण्याबद्दल प्रवाशांना दोष देणे सोपे आहे. पण बोट कलली तर काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितले होते? जिवाच्या भीतीने धावणारा माणूस त्या क्षणी नवे काही शिकत नाही. आधी शिकलेले असेल तेवढेच करतो. मुंबईला दुर्घटनेची बातमी कळायलाही कित्येक तास लागले. तोवर जे वाचले त्यांतले पुष्कळसे रेवसच्या कोळ्यांमुळे. मासळी घेऊन निघालेल्या या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकली आणि माणसे होडीत घेतली, असे सांगतात. त्यांच्याकडे कोणाचा हुकूम नव्हता. दर्यावर बुडणारा दिसला की काढायचा, हे त्यांच्यात आधीपासून ठरलेले होते. आज पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद असते, तेव्हा आपण गैरसोयीबद्दल कुरकुर करतो. त्या बंदीमागे काय काय बुडाले आहे, हे विसरतो.

कयाकचा इतिहास आणखी वेगळा धडा देतो. ही उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणलेली, वरून झाकलेली. वल्हवणाऱ्याच्या कमरेभोवतीही कातड्याचे आवरण, म्हणजे लाट आत शिरत नाही. वरवर पाहता एका माणसाची, स्वतंत्र होडी. म्हणूनच कयाकवाल्यांच्या गटात प्रत्येकाला आपण एकटे असल्याचा भास होतो.

२२ मार्च १९९३ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बे या उपसागरात, आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून निघाले. लाइम रीजिसहून चारमाउथपर्यंत, जेमतेम तीन किलोमीटर. वारा जमिनीकडून समुद्राकडे. होड्यांना कमरेभोवतीचे आवरण नव्हते, संकटाची खूण करायला दारूचे बाण नव्हते. शिक्षकाची होडी वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्याच्यापाशी थांबला. दुसऱ्याने आठही मुलांच्या होड्या एकमेकींना लगटून धरायला लावल्या. म्हणजे सांगडच. कयाकवाल्यांची ती रीतच आहे, आणि बरोबर आहे. दोन होड्या एकमेकींना धरून राहिल्या की सहज उलटत नाहीत. पण वाऱ्याने ती अख्खी सांगड खोल समुद्रात नेली. होड्यांत पाणी भरत गेले, एकेक उलटली. दुपारपर्यंत परतायचे होते. तटरक्षकांना कळवले गेले ते त्यानंतर कित्येक तासांनी. चार मुले गेली.

पुढे खटला चालला. त्या केंद्रातून आधी काम सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी तिथल्या सुरक्षेबद्दल लेखी इशारा दिला होता, हे त्यात उघड झाले. १९९४मध्ये केंद्र चालवणारी कंपनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली, तिच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५मध्ये मुलांच्या साहसकेंद्रांसाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला.

या प्रकरणावरून मला उमगले ते इतकेच : सांगड पाण्यावर घालायला घेतली की उशीर झालेला असतो. ती काठावरच घालावी लागते. वारा कुठला, मागे कोण राहणार, सर्वांत हळू वल्हवणारा कोण, किती वाजता माघारी फिरायचे, वेळेवर आलो नाही तर कोण कोणाला फोन करणार. ही बोलणी पाच मिनिटांची आहेत. प्रशिक्षकाची आणि आयोजकाची जबाबदारी त्यामुळे तसूभर कमी होत नाही. लाइम बेच्या न्यायालयाने ती त्यांच्यावरच ठेवली, आणि योग्य केले. पण ही बोलणी सुरू करायला प्रशिक्षक असावे लागत नाही. ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क गटातल्या सर्वांत नवख्यालाही असला पाहिजे, आणि तो म्हणाला तर कोणी हसता कामा नये. हे दुसरे अधिक अवघड.

आमच्याकडे नद्यांनाही हे लागू आहे. २१ मे २०२४ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहाजण गेले. दोनच दिवसांनी, २३ मेला, आमच्याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, बुडालेल्या तरुणांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. वाचवायला गेलेली, शिकलेली माणसे ती. ज्या नदीच्या पाण्यावर आमचा ऊस वाढतो तिच्या काठावर त्या आठवड्यात मी नुसताच जाऊन उभा राहत असे. बेसावधपणे पाण्यात उतरणारा आपला एकट्याचाच जीव धोक्यात घालतो, हा समज त्या दिवसांत माझ्या मनातून कायमचा गेला.

यंदा दिवाळीनंतर पुतण्याचा पुन्हा कोकणाचा बेत आहे. परवा त्याचा फोन आला. होड्या किती, जॅकेटे किती, वारा कधी फिरतो, सगळे त्याने एका कागदावर लिहून काढले होते. सगळे वाचून दाखवल्यावर म्हणाला, ‘‘काका, एक राहिलंच. किनाऱ्यावर कोण थांबणार?’’

मी म्हटले, ‘‘मी थांबतो. साडेअकराला दिसला नाहीत तर फोन कोणाला करायचा, तेवढं लिहून दे.’’

विहिरीच्या काठावर दोर धरून उभ्या असलेल्या चुलत्यांना पोहायला येत होते की नाही, मला आजही ठाऊक नाही. दोर मात्र त्यांनी एकदाही सोडला नव्हता.