पंचनामा कोणी करायचा?

माझी एक सही मला आजही छळते. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्गात होतो. आमच्या वस्तीतल्या एका पोराला पोलिसांनी रात्री घरातून उचलून नेले. सकाळी तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरातून लोंबत होता. दुसऱ्या दिवशी एक हवालदार कागद घेऊन आला. "तू शिकलेला आहेस, पंच म्हणून सही कर," म्हणाला. कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. बाप शेजारी उभा होता, आई दारातून खुणावत होती, 'कर बाबा, कर आणि मोकळा हो.' मी सही केली. पुढे त्या कोऱ्या जागेत लिहिले गेले की, इसम पळताना गटारात पडला व त्याचा हात मोडला. त्याला साक्षीदार मी.

पंचनामा या शब्दात पंच आहेत. पंच म्हणजे गावचे, वस्तीचे लोक. प्रत्यक्षात मात्र कागद पोलिसांचा, शाई पोलिसांची, मजकूर पोलिसांचा. लोकांची फक्त सही. वस्तीवर अन्याय होतो तेव्हा आपण मोर्चा काढतो, निषेधाचा ठराव करतो, निवेदन देतो. आणि घडलेल्या गोष्टीची नोंद? ती ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हाती सोडून घरी येतो. मग वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात पुरावा नाही म्हणून प्रकरण निकालात निघते, आणि आपण व्यवस्थेला शिव्या देतो. व्यवस्था शिव्यांना पात्र आहेच. पण नोंद आपण का ठेवली नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

या प्रश्नाने मला शिकागो शहराच्या इतिहासाकडे नेले. शिकागो कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की हे नाते आपल्या बापानेच जोडून ठेवले आहे. अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेल्याचे वाचून बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी सहानुभूती मागितली नाही, कागद मागितला. पुढे १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत दलित पँथर उभी केली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो पक्ष काढला होता. पोलिसांची गाडी वस्तीत आली की ही पोरे तिच्या मागे जात आणि पोलीस काय करतात ते उभे राहून पाहत. हातात बंदूक असे आणि सोबत कायद्याचे पुस्तकही असे. आपल्या मनात त्यांची बंदूक राहिली. पुस्तक राहिले नाही.

शिकागोत या पक्षाचा तरुण पुढारी होता फ्रेड हॅम्प्टन. वय २१. काळ्या मुलांना सकाळची न्याहारी देणारा, पोर्तो रिकन आणि गरीब गोऱ्या तरुणांनाही एका आघाडीत आणणारा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास वेस्ट मनरो रस्त्यावरील त्याच्या घरावर १४ पोलिसांनी छापा घातला. हे पोलीस कूक काउंटीचा सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान याच्या हाताखालचे होते. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा, आणि तिथे सरकारी वकील मतदानाने निवडून येतो. घराचा नकाशा एफबीआयच्या एका खबऱ्याने पुरवला होता. हॅम्प्टन बिछान्यातच मारला गेला. मार्क क्लार्क हा २२ वर्षांचा त्याचा सहकारीही ठार झाला. वाचलेल्या सात जणांवर खुनाच्या प्रयत्नाचे खटले भरण्यात आले. हॅनरहानने पत्रकारांना सांगितले की पँथरांनी आतून गोळीबार केला, पोलिसांनी स्वतःचा बचाव केला.

इथपर्यंतची हकिगत आपल्याला नवी नाही. गाव बदला, नावे बदला, आपली होईल. वेगळे घडले ते पुढे. पोलिसांनी घराला टाळे ठोकले नाही. ही त्यांची घोडचूक. पँथरांनी ती ओळखली आणि घराचे दार लोकांसाठी उघडे केले. जवळजवळ दोन आठवडे त्या घरासमोर रांगा लागल्या. म्हाताऱ्या बाया, कामगार, शाळेतली पोरे, हजारो माणसे त्या खोल्यांतून फिरली. रक्ताने भिजलेली गादी त्यांनी पाहिली. भिंतीतल्या गोळ्यांची भोके कोणत्या बाजूने आत आली आहेत ते बोट लावून पाहिले. तरुण वकिलांनी चित्रफीत काढली, गोळ्या गोळा केल्या, मोजमाप केले. हॅनरहानने 'शिकागो ट्रिब्यून'ला छायाचित्रे दिली होती, ही पाहा पँथरांच्या गोळ्यांची भोके म्हणून. दुसऱ्या वार्ताहरांनी जागेवर जाऊन पाहिले तर ती खिळ्यांची डोकी निघाली! सरकारी वकिलाचे खोटे एका दारावरच्या खिळ्याने उघडे पाडले.

याला मी पंचनामा म्हणतो. हजारो पंच, आणि एकाचीही सही कोऱ्या कागदावर नाही.

न्याय लगेच मिळाला असे मात्र नाही. १९७० च्या जानेवारीत सरकारी मृत्युचौकशीने ही कायदेशीर हत्या ठरवली. पण त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय ग्रँड ज्यूरीला आपल्या अहवालात लिहावे लागले की पोलिसांनी ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या आणि घरातून फार तर एक झाडली गेली. सात जणांवरचे खटले मागे घ्यावे लागले. पोलिसांवर मात्र त्या ज्यूरीने आरोप ठेवला नाही. पुढे हॅनरहानवर न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा खटला झाला आणि १९७२ च्या ऑक्टोबरात तो सुटला. पण दोनच आठवड्यांनी निवडणूक होती. महापौर रिचर्ड डेली यांच्या पक्षाला वर्षानुवर्षे डोळे मिटून मत देणाऱ्या काळ्या वस्त्यांनी त्या दिवशी हॅनरहानला पाडले. १९८२ साली शहर, काउंटी आणि केंद्र सरकार यांनी मिळून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातलगांना साडेअठरा लाख डॉलर देण्याचे मान्य केले. १९८३ साली हॅरोल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले काळे महापौर झाले. त्या विजयाची सुरुवात मनरो रस्त्यावरच्या त्या रांगेत झाली, असे मी मानतो.

दुसरे प्रकरण याहून अवघड आहे, कारण त्यात बळी पडलेला माणूस निष्पाप नव्हता. १९८२ च्या फेब्रुवारीत दोन पोलिसांचा खून झाला आणि अँड्रयू विल्सन पकडला गेला. जॉन बर्ज या अधिकाऱ्याच्या ठाण्यात त्याला विजेचे झटके दिले, तापलेल्या रेडिएटरला बांधून भाजले. तुरुंगाच्या डॉक्टरने जखमा पाहून पोलीसप्रमुखांना लेखी कळवले. त्यांनी ते पत्र सरकारी वकिलाकडे पाठवले. हे सरकारी वकील म्हणजे आधीच्या महापौरांचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली, जे पुढे १९८९ ते २०११ महापौर होते. पोलिसांवर कारवाई झाली नाही. खुन्यासाठी कशाला रडायचे, असे शहरातली सभ्य माणसे म्हणत होती.

आपल्या चळवळीतही हा प्रश्न येतो. पोरगा दारू विकतो, चोऱ्या करतो, त्याच्यासाठी वस्तीने का उठायचे? याचे उत्तर शिकागोने दिले. १९८९ साली विल्सनचा दिवाणी दावा चालू असताना त्याच्या वकिलांना निनावी पत्रे येऊ लागली. लिहिणारा पोलीस खात्यातलाच कोणी होता. त्या पत्रांचा माग काढत वकील तुरुंगातल्या एकेका कैद्यापर्यंत गेले. जबान्या जमू लागल्या. एकमेकांना न ओळखणारी माणसे तोच विजेचा डबा, डोक्यावरची तीच प्लॅस्टिकची पिशवी सांगत होती. १९७२ ते १९९१ या काळात शंभराहून अधिक माणसांचा छळ झाल्याचे यातून पुढे आले, आणि जवळजवळ सर्व काळे होते. खुन्याचा छळ खपवून घेतला म्हणून निरपराधांचा छळ करता आला. २००३ साली राज्यपालांनी अशा चार जणांना माफी देऊन फाशीच्या कोठडीतून सोडले.

खात्याच्याच एका तपासनीसाने १९९० साली लिहून ठेवले होते की हा छळ पद्धतशीर होता. तो अहवाल दाबून ठेवला गेला आणि १९९२ साली न्यायाधीशाच्या हुकमाने बाहेर आला. १९९३ साली बर्ज नोकरीतून गेला. छळाच्या गुन्ह्याची मुदत संपून गेली होती, म्हणून २०११ साली त्याला शिक्षा झाली ती शपथेवर खोटे बोलल्याबद्दल, साडेचार वर्षांची. त्याचे निवृत्तिवेतन चालूच राहिले. पण कैद्यांच्या आया, वकील आणि तरुण कार्यकर्ते थांबले नाहीत. २०१४ साली तरुणांची एक तुकडी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविरोधी समितीपुढे जाऊन आली. ६ मे २०१५ रोजी शिकागो नगरपरिषदेने ५५ लाख डॉलरची भरपाई, जाहीर माफी, मोफत कॉलेजशिक्षण, मानसोपचाराचे केंद्र आणि स्मारक यांचा ठराव केला. त्यातले एक कलम आम्हा शिक्षकांनी वहीत लिहून ठेवावे असे आहे. शहराच्या सरकारी शाळांत आठवीला आणि दहावीला हा इतिहास शिकवायचा! ज्या शहराने छळ केला, त्याच शहराच्या पाठ्यक्रमात छळाचा धडा.

हा ठराव होत होता तेव्हाच तेच शहर दुसरी गोष्ट दडवत होते. २० ऑक्टोबर २०१४ रोजी लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने १६ गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात लहान चाकू होता आणि तो अंगावर आला, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने मात्र तो दूर जात असल्याचे टिपले होते. एप्रिल २०१५ मध्ये नगरपरिषदेने वादविवाद न करता कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले. चित्रफीत बंदच राहिली. महापौर राम इमॅन्युएल त्याआधी आठवडाभरच पुन्हा निवडून आले होते. एका पत्रकाराने शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून १६ गोळ्यांचा आकडा छापला. दुसऱ्याने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला. न्यायाधीशाने हुकूम दिला आणि २४ नोव्हेंबरला चित्रफीत बाहेर आली. गोळ्या झाडणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला तोही त्याच दिवशी, तेरा महिन्यांनी. लोकांनी मोठ्या खरेदीच्या दिवशी शहराचा मुख्य बाजाररस्ता अडवला. पोलीसप्रमुख गेले. सरकारी वकीलबाई पुढच्या मार्चमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच पडल्या. २०१८ साली तो पोलीस दोषी ठरला, पण शिक्षा पावणेसात वर्षांची, आणि २०२२ साली तो सुटलाही. खोटे अहवाल लिहिल्याचा आरोप असलेले तिघे सहकारी २०१९ साली निर्दोष ठरले.

तरी एक गोष्ट उरली. २०२१ साली शहराने कायदा केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २२ पोलीस विभागांत प्रत्येकी तीन असे ६६ रहिवासी लोकांच्या मतांनी निवडून आले, पोलिसांना जाब विचारण्यासाठी. त्यांनी शिफारस केलेल्या माणसांतून जो शहर आयोग नेमला जातो, तो पोलीसप्रमुखावर अविश्वासाचा ठराव करू शकतो. पोलिसांचे अत्याचार यामुळे संपतील असे मी म्हणत नाही. पण जाब कुणाला विचारायचा याचा पत्ता तिथल्या माणसाला ठाऊक आहे.

आपल्याकडे तो पत्ताच हरवलेला आहे. मुंबईचा महापौर म्हणतो, पोलीस माझ्याकडे नाहीत. ते खरेच आहे, पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. गृहखाते म्हणते, चौकशी चालू आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचा जीव दिला. पोलिसांचा बचाव काय होता? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता! न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे वस्तीतल्या माणसांनी साक्षी दिल्या, आणि आयोगाने ही टँकरची गोष्ट फेटाळून उपनिरीक्षक मनोहर कदम याला जबाबदार धरले. त्यानंतर २००९ साली सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. बारा वर्षांनी. आणि मग लवकरच उच्च न्यायालयातून जामीन. आपला टँकर आणि त्यांचा खिळा यांत फरक एवढाच की त्यांच्या लोकांनी दोन आठवड्यांत खिळा दाखवला, आपल्याला टँकर खोटा ठरवायला आयोगाची वाट पाहावी लागली.

मित्रहो, कायदे आपल्याकडेही आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाने कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावले. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, असे २०२० साली सांगितले. पण हे कायदे वापरायला हातात नोंद लागते. म्हणून मी वस्तीतल्या अभ्यासवर्गात पोरांना आधी नोंद शिकवतो. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, बिल्ल्यावरचे नाव, जखमेचे छायाचित्र, डॉक्टरचा कागद, आणि फिर्यादीची प्रत हातात पडेपर्यंत ठाण्यातून न हलणे. शेवटी एकच सांगतो. कोऱ्या कागदावर सही करू नका.

तो हात मोडलेला पोरगा आता म्हातारा झाला आहे. हात सरळ होत नाही. मागच्या वर्षी मी त्याच्याकडे वही घेऊन गेलो आणि त्या रात्रीची हकिगत त्याच्या तोंडून उतरवून घेतली. वाचून दाखवली. मग खाली त्याने डाव्या हाताने सही केली, आणि पंच म्हणून मी केली.